रुंद बिऱ्हाड, अरुंद वाट

मोटारहोमच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर पलंग असतो. त्याच्या मागोमाग फ्रिज, तीन शेगड्या, गरम पाण्याचा शॉवर, आणि खिडकीतून समुद्राकडे बघत कॉफी पिणारं एक जोडपं. पुढे कुठेतरी लांबी येते, उंची येते. रुंदी शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, आणि तीही 'आरसे वगळून'. स्थळाच्या माहितीत 'सौम्य मंगळ' लिहितात त्यातलाच हा प्रकार. लपवलं असं म्हणता येत नाही, आणि वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

आम्ही भाड्याने घेतलेली गाडी २.३ मीटर रुंद होती. आरसे उघडले की हाच आकडा पावणेतीन मीटरच्या घरात जातो, आणि आरसे मिटून गाडी चालवायची सोय अजून निघालेली नाही. ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे गाडीचं अंग २.५५ मीटरपर्यंत रुंद चालतं, आरसे त्यात धरत नाहीत. म्हणजे कायद्याच्या बाजूने आमचं सगळं ठीक होतं. पण आम्ही निघालो होतो डेव्हनला, आणि डेव्हनच्या रस्त्यांनी हा कायदा वाचलेला नाही.

डेव्हन हा इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडचा परगणा. एम-५ महामार्ग एक्झेटरपाशी संपतो आणि तिथून पुढे माणसाची परीक्षा सुरू होते. इथल्या परगणा परिषदेच्या ताब्यात सुमारे ८,००० मैल रस्ते आहेत. इंग्लंडमधल्या दुसऱ्या कुठल्याही परगण्याकडे इतके नाहीत. आकडा ऐकून वाटतं, काय ही प्रगती! जवळ गेल्यावर कळतं की लांबी भरपूर मिळावी म्हणून रुंदीत काटकसर केलेली आहे. किंग्जब्रिजच्या दक्षिणेला समुद्राकडे उतरणाऱ्या साउथ हॅम्स भागात तर जिकडेतिकडे डांबर टाकलेल्या पाणंदीच. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच मातीचे बांध, बांधांवर दाट झुडपं, वर फांद्या एकमेकींत अडकलेल्या. रस्त्याच्या मधोमध गवताची एक रेघ. ते गवत गाडीच्या पोटाला घासत राहतं आणि मागे स्वयंपाकघराच्या खणात चमचे कुजबुजत राहतात. अशा पाणंदीच्या तोंडाशी एक पाटी असते: पांढरा गोल, त्यावर तिरकी काळी पट्टी. अर्थ असा की इथे देशाची सर्वसाधारण वेगमर्यादा लागू आहे, म्हणजे ताशी ६० मैल. आपल्या हिशेबात ९६ किलोमीटर. इंग्रज माणूस चेहरा हलू न देता विनोद करतो म्हणतात, त्याचा याहून चांगला नमुना मी पाहिलेला नाही.

सोबत सासरे होते. अण्णा देवरूख आगारातून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, उन्हाळ्यापुरते लेकीकडे रेडिंगला आले होते. गाडी दारात आली तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, मागच्या बंपरला बुटाचं टोक लावून पाहिलं, आत येऊन पलंग, मोरी, शेगडी सगळं तपासलं आणि म्हणाले, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हे. पण जावईबापू, विंचू बिळात शिरतो तेव्हा बिऱ्हाड कुठं ठेवतो?"

तेव्हा सगळे हसलो. किंग्जब्रिजच्या पुढे कोणी हसलं नाही.

वजनाचा हिशेब आम्ही काटेकोर केला होता, कारण माझं इथलं लायसन्स १९९७ नंतरचं. त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोटारीची परीक्षा पास झालेल्यांना साध्या लायसन्सवर ३,५०० किलोंपर्यंतचीच गाडी चालवता येते. त्याआधीच्यांना साडेसात टनांपर्यंत मुभा. या साडेतीन टनांत गाडी, पाणी, गॅस, माणसं आणि बायकोने 'असू दे' म्हणून घेतलेला पाच लिटरचा कुकर असं सगळं बसवायचं. उंचीचा कागद तर गाडी देणाऱ्याने स्टिअरिंगसमोर चिकटवूनच दिला होता, पुलाखाली अडकू नये म्हणून. रुंदीचा कागद कोणी चिकटवत नाही. रुंदी ज्याची त्याने समजून घ्यायची असते.

पाणंदींच्या कडेचे हे बांध शोभेचे नव्हेत. शेताची हद्द, गुरांना अडसर, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला आडोसा अशी त्यांची कामं. कित्येक मध्ययुगातले आहेत, आणि कॉर्नवॉलच्या पश्चिम टोकाला पेन्विथ भागातले काही तर इतिहासपूर्व काळातले. कॉर्नवॉलचा बांध आणखी फसवा. बाहेरून नेचे, गवत, फॉक्सग्लोव्हची जांभळी फुलं. पानं बाजूला केली की दगड. डेव्हनच्या बांधाला गाडी टेकली तर माती लागते. कॉर्नवॉलच्या बांधाला टेकली तर अनामत रक्कम आठवते.

बांधाचं वय ठरवायची एक सोपी रीत मॅक्स हूपर नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने सांगून ठेवली आहे. ३० यार्डांचा तुकडा घ्यायचा, त्यात झाडाझुडपांच्या किती जाती आहेत ते मोजायचं, दर जातीमागे साधारण एक शतक धरायचं. जाणकार या रीतीवर पुष्कळ शंका काढतात, पण पाणंदीत अडकलेल्या माणसाला दुसरं इतकं उपयोगी शास्त्र नाही. समोर ट्रॅक्टर, त्याच्यामागे दुधाचा टँकर, आणि बायको खिडकीतून मोजतेय: हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्न, हेझल, मेपल. पाचव्या जातीला ट्रॅक्टर हलला. बांध निदान ट्यूडर राजांच्या वेळचा ठरला. ट्रॅक्टरने आणखी थोडा दम धरला असता तर आम्ही विल्यम द कॉन्कररपर्यंत पोचलो असतो.

त्यात पाखरांची घरटी. १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात शेतकऱ्याने बांधावरची झुडपं छाटायची नाहीत, असा इंग्लंडमध्ये नियम आहे; २०२४ पासून तो स्वतंत्र कायद्यात आलाय. रस्त्याच्या सुरक्षेसाठी सवलत आहे, तरी खरी छाटणी पानगळ लागल्यावरच. आणि इंग्लंडच्या शाळांची उन्हाळी सुट्टी जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या तोंडापर्यंत. म्हणजे देशातल्या रुंदात रुंद गाड्या ज्या आठवड्यांत डेव्हनमध्ये उतरतात, नेमके त्याच आठवड्यांत डेव्हनचे रस्ते अरुंदात अरुंद असतात. यात दोष कोणाचाच नाही. मुलांना सुट्टी हवी, पाखरांना घर हवं, आणि आमच्यासारख्यांना घर घेऊन सुट्टीवर जायचंय.

ऑगस्टमधल्या ब्लॅकबेरीच्या वेली आधी आरशाशी लगट करतात, मग दारापर्यंत येतात आणि शेवटी गाडीच्या पांढऱ्या अंगावरून मागच्या दिव्यापर्यंत एक लांब, सरळ रेघ ओढत जातात. तो आवाज कानांआधी दातांना ऐकू येतो. गाडी परत करताना देणारा माणूस ती रेघ अंगठ्याने पुसून बघतो. पुसली गेली तर रस, नाही गेली तर पैसे.

काही वाटा तर जमिनीतच खचलेल्या. शेकडो वर्षं चाकं, खूर आणि पावसाचं पाणी यांनी मऊ खडक झिजत गेला आणि रस्ता खाली खाली उतरत गेला. हॅम्पशायरमधल्या सेलबॉर्न गावचे पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांनी १७८९ च्या आपल्या पुस्तकात तिथल्या वाटा आजूबाजूच्या शेतांपेक्षा १६-१८ फूट खोल गेल्याची नोंद केली आहे. डेव्हनमध्येही अशा जागी खिडकीतून बघितलं तर झाडाची मुळं डोळ्यांसमोर येतात आणि गाय डोक्यावरून जाते. आणि वळणं! इंग्रजी रस्त्यांच्या वळणांचं श्रेय इंग्रज लेखक चेस्टरटन यांनी एका कवितेत दारुड्याला देऊन टाकलंय. मला ते पटत नाही. दारुडा मधूनच का होईना, सरळ चालतो. ही वळणं एकेका शेताची हद्द सांभाळत गेलेली आहेत, आणि भाऊबंदकीचा वास आपल्याकडच्या माणसाला लगेच येतो.

घर चाकांवर चढवून असल्या वाटांवर काढायचं वेड आजचं नव्हे. आमच्या रेडिंगपासून हाकेच्या अंतरावर ट्वायफर्ड नावाचं गाव आहे. तिथे विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाचे नौदलातले एक निवृत्त डॉक्टर राहत. मुलांसाठी साहसकथा लिहीत. त्यांनी १८८५ मध्ये ब्रिस्टलच्या कारखान्यात 'वाँडरर' नावाची लाकडी घरगाडी बांधून घेतली, तिला दोन घोडे जुंपले आणि थेट स्कॉटलंडात इन्व्हर्नेसपर्यंत गेले. केवळ हौसेखातर घरगाडी काढणारे ते पहिले, असं इथे मानतात. रोमा लोक पोटासाठी त्याच्या कितीतरी आधीपासून फिरत होते, पण पोटासाठी फिरणाऱ्याला पहिला म्हणायची पद्धत कुठेच नाही. तर या घरगाडीचं वजन जवळजवळ दोन टन. असलं धूड अरुंद रस्त्यावर समोरच्याच्या अंगावर एकदम येऊ नये म्हणून डॉक्टरांनी आपला नोकर तीनचाकी सायकलवर बसवून पुढे पाठवला होता. त्याचं काम एकच, 'मागून घर येतंय' अशी वर्दी देणं.

हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. "कंडक्टर पुढं आणि गाडी मागं. शहाणा डॉक्टर."

पुढे १९०८ मध्ये 'द विंड इन द विलोज' हे मुलांचं पुस्तक आलं. त्यातल्या टोड नावाच्या बेडकाच्या घरगाडीजवळून एक मोटार सुसाट जाते, घोडा बुजतो आणि घरगाडी खड्ड्यात. दुसरा कोणी रडला असता. टोड रस्त्यात बसून मोटारीच्या प्रेमात पडतो. मोटारहोम म्हणजे त्याच्या दोन्ही वेडांची बेरीज आहे, आणि खड्डा अजून तिथेच आहे.

पाणंदीत गाडी पुढे नेणं कोणालाही जमतं. समोरून दुसरी आली की माणसाची पारख होते. ब्रिटनचा 'हायवे कोड' १९३१ पासून निघतो. पहिली आवृत्ती एका पेनीला मिळायची. एकेरी रस्त्यासाठी त्यात सांगितलंय की बाजूला घ्यायची जागा डावीकडे असेल तर तिच्यात शिरा, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबा, चढ चढून येणाऱ्याला शक्यतो आधी जाऊ द्या, आणि गरज पडली तर मागे घ्या. त्या 'गरज पडली तर'मध्ये अख्खं डेव्हन मावतं.

न छापलेले नियम वेगळे. ज्याच्या मागे जागा जवळ, तो मागे घेतो. एकट्याने दोघांपुढे नमतं घ्यायचं. ट्रॅक्टर मागे घेत नाही. ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर तसा विचारही मनात आणत नाही. टपालाची लाल व्हॅन मागे घेते, आणि ती उलटी जाताना आपण सरळ जाताना असतो त्यापेक्षा जास्त वेगात असते. मोटारहोमने मागे घ्यावं अशी गावकऱ्यांची मनापासून इच्छा असते, पण त्याला ते जमेल असा भरवसा नसतो. हे दोन्ही भाव त्यांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी दिसतात.

सगळ्यात वेळ खातात ती दोन सभ्य माणसं. दिवे लुकलुकवून हा म्हणतो तुम्ही या, तो म्हणतो छे छे, तुम्हीच या. मग दोघंही एकदम मागे घ्यायला लागतात. मधली जागा वाढत जाते, आग्रह वाढत जातो, आणि दोघंही आपापल्या वळणाआड दिसेनासे होतात. रस्ता पूर्ण मोकळा, आणि जाणारं कोणी नाही.

स्टार्ट पॉइंटच्या दीपगृहाकडे जाणारी वाट आहे, तिच्यावर आमच्यासमोर एक लँड रोव्हर आली. मागे घोडे नेणारी जोडगाडी. तिने मागे घेण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या मागे एक वळण, वळणापलीकडे शेताचं फाटक. अण्णांनी पट्टा सोडला. दार उघडायला गेले तर ते बांधाला टेकलं. वीतभर फट पडली असेल. त्यांनी श्वास आत ओढला आणि त्या फटीतून सहज बाहेर पडले. जन्मभर खच्चून भरलेल्या गाडीत मागून पुढे तिकिटं देत गेलेल्या माणसाला त्यात अवघड काय होतं?

खिडकीशी येऊन म्हणाले, "आरशात मी दिसतोय तोवर येऊ द्या. दिसेनासा झालो की थांबा. मी कुठं गेलो याचा विचार करायचा नाही, आधी ब्रेक."

गाडीला मागे कॅमेरा होता, सेन्सर होते. पण सेन्सर गवताच्या पात्यालाही भिंत समजतो. पाणंदीत शिरल्यापासून तो जो कोकलत होता, तो थांबलेलाच नव्हता, त्यामुळे त्याच्याकडे कोणी लक्ष देईनासं झालं होतं. मागून अण्णांचा आवाज आला: "येऊ द्या, येऊ द्या... उजवं मारा... अजून... सरळ करा... येऊ द्याऽऽ..." आणि गाडीच्या अंगावर थाप. एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. एस.टी.च्या घंटीचीच भाषा, दोरी नव्हती इतकंच.

तेवढ्यात फाटकातून कुत्रा घेऊन एक वृद्ध गृहस्थ आले. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात काठी. त्यांनी काही विचारलं नाही. कुत्र्याला बांधावर बसवलं आणि दुसऱ्या कोपऱ्याला जाऊन उभे राहिले. आता डाव्या आरशात अण्णा, उजव्या आरशात ते. अण्णांना इंग्रजी बेताचं, आणि त्या गृहस्थांची डेव्हनी बोली मलाही निम्मीच कळत होती. पण दोन तळहात समोरासमोर धरायचे, त्यातलं अंतर म्हणजे मागे उरलेली जागा, गाडी येईल तसतसे हात जवळ आणायचे, ही खूण दोघांचीही एकच होती. हात अगदी चिकटायला आले की मुठी आवळायच्या. दोघांनी मुठी एकाच क्षणी आवळल्या. मागचं चाक फाटकाच्या कोपऱ्यातल्या चिखलात, आरसा दगडी खांबापासून दोन बोटं लांब. लँड रोव्हर निघून गेली. जाताना आतल्या बाईंनी आभाराला हात केला आणि मागच्या खिडकीतून घोड्याने आमच्याकडे बघितलं. त्याची नजर आभाराची नव्हती.

दोघांनी हस्तांदोलन केलं. ते गृहस्थ बरंच काही बोलले. अण्णांनी मला विचारलं, "काय म्हणतो?"

"म्हणतायत, उन्हाळ्यात रोज कोणीतरी इथे अडकतंच."

"मग हा रोज इथं हजर असणार," अण्णा म्हणाले. "पगार देत नसतील, पण ड्युटीच ही."

त्याच किनाऱ्यावर थोडं उत्तरेला हॉलसँड्स आहे, खरं म्हणजे होतं. कोळ्यांचं लहानसं गाव. प्लिमथच्या नौदल गोदीच्या विस्तारासाठी १८९० च्या दशकाअखेरीपासून समोरच्या समुद्रातली वाळू-गोटे उपसून नेले, किनारा खचला, आणि जानेवारी १९१७ च्या वादळात जवळजवळ सगळी घरं समुद्रात गेली. वर उभं राहिलं की पडक्या भिंती दिसतात. गाव गेलं, पण गावाकडे जाणारी पाणंद आहे तशी आहे, आणि तिच्यावरही समोरून गाड्या येतात.

घोड्यांचं गणित तर सुटतच नाही. जानेवारी २०२२ मध्ये हायवे कोडात दुरुस्ती झाली. घोडेस्वाराला ओलांडताना वेग ताशी १० मैलांच्या आत ठेवायचा आणि मध्ये निदान दोन मीटर जागा सोडायची. नियम उत्तम आहे. आता मांडा: गाडी २.३, मोकळी जागा २, घोड्याला एक मीटर तरी द्याल की नाही? झाले सव्वापाच मीटरच्या वर. पाणंद अडीच-तीन मीटरची. उत्तर असं की इंजिन बंद करायचं, घोड्याला त्याच्या सवडीने जाऊ द्यायचं आणि तोवर चहा टाकायचा. मोटारहोमचा हा एक फायदा मान्य करायला हवा. अडकलेल्या दुसऱ्या कुठल्याही वाहनात चहा होत नाही.

मोबाइलच्या नकाशाला यातलं काही समजत नाही. त्याच्या लेखी आम्ही एक निळा ठिपका, आणि ठिपक्याला रुंदी नसते. गाडीची मापं भरून घेणारे खास नकाशे मिळतात, पण तेही डांबर मोजतात, ऑगस्टमधली ब्लॅकबेरी मोजत नाहीत. खरी माहिती पाट्यांवर. 'रुंद वाहनांसाठी अयोग्य' अशी पाटी जागोजागी भेटते. रुंद म्हणजे किती, ते लिहिलेलं नसतं. आपण रुंद आहोत का, हा ज्याने त्याने आपल्या मनाला विचारायचा प्रश्न, आणि तो नेमका अशा जागी विचारलेला असतो जिथून परत फिरायला जागा नाही. बायकोचं म्हणणं, ज्याला ही पाटी वाचून शंका येते तो रुंदच असतो. यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

स्कॉटलंडची गोष्ट याहून सरळ आहे. तिथेही कित्येक रस्ते एकेरी, पण बाजूला घ्यायच्या जागा बांधून काढलेल्या, प्रत्येकीला पांढरी पाटी, आणि उघड्या माळावर समोरचा मैलभरावरून दिसतो. ॲपलक्रॉसला जाणारी बेलाख-ना-बा ही खिंड ६२६ मीटर चढते, १ ला ५ चा चढ, केसांच्या पिनेसारखी वळणं. पण पायथ्याशीच मोठी पाटी आहे की नवशिके, फार मोठी वाहनं आणि कॅराव्हान यांनी या वाटेला जाऊ नये. २०१५ मध्ये उत्तर किनाऱ्याने ५०० मैलांची पर्यटन-वाट आखल्यापासून तिथेही मोटारहोमची रांग लागते आणि गावकरी वैतागतात, ती गोष्ट वेगळी. पाटी मात्र प्रामाणिक आहे. डेव्हन तुम्हाला फुलं दाखवून आत घेतं.

रस्ते रुंद का करत नाहीत, असं आपल्याकडून आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो. अण्णांनी विचारलं नाही. घाट रुंद होताना त्यांनी पाहिलेत आणि त्यासाठी गेलेली झाडंही. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या शेतांच्या हव्यासापायी इंग्लंडमध्ये असे बांध प्रचंड प्रमाणात उपटले गेले. शेवटी १९९७ मध्ये कायदा झाला आणि परवानगीवाचून जुना बांध काढायला बंदी आली. हे १९९७ साल मला दुसऱ्यांदा आडवं आलं. पण माझं मत विचाराल तर तो कायदा योग्य आहे. बांध पाचशे वर्षांचा आणि गाडी आठवड्याच्या भाड्याची; मागे कोणी घ्यायचं हे उघड आहे. वैतागलेले गावकरीही मला रास्त वाटतात. त्यांना दूध घालायचं असतं, मुलांना शाळेतून आणायचं असतं, आणि आपण मध्येच पलंग, मोरी आणि कुकर घेऊन उभे असतो.

तेव्हा जाणार असाल तर ऑगस्ट टाळा, मे महिन्यात जा. बांध फुललेले असतात, वेली अजून रस्त्यावर आलेल्या नसतात, शाळा सुरू असतात. व्हॅनच्या अंगाची गाडी घ्या, २.०५ मीटरवाली, तिच्यात पलंग आडवा असतो, उंच माणसाने पाय दुमडून झोपावं. निघण्यापूर्वी एखाद्या रिकाम्या वाहनतळावर उलटं जायचा सराव करा, कॅमेरा झाकून, नुसत्या आरशांवर. आणि खाली उतरून थाप मारणारं एक माणूस सोबत हवंच हवं. आमचे अण्णा पुढच्या मे महिन्यात इथेच आहेत, पण त्यांचं आरक्षण झालेलं आहे.